आईच्या पायासाठी रडारड

आईचा झिजलेला खुबा बदलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावाहून, दवनीवाड्याहून, नऊ बाया जीप भाड्याने करून गोंदियाच्या दवाखान्यात हजर झाल्या. भेटायला येणाऱ्याने बिस्किटांचा पुडा आणायचा आणि आजाऱ्याने कण्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आई मात्र चहात टोस्ट बुडवून मजेत खात होती. जांघेजवळ बसवलेल्या बारीक नळीतून पाय बधिर करणारं औषध जात होतं. "दुखायला लागलं की लगेच सांगा," डॉक्टरांनी मला बजावलं होतं. "दुखणं चढलं तर पाय हलवणार नाहीत, आणि पाय हलला नाही तर चालणं अवघड."

"दुखून नाही रायलं?" थोरल्या काकूने विचारलं.

"नाही."

"मंग आपरेशन केलं कायले?"

काकूने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि मी "काकू, थांब" म्हणेपर्यंत आईच्या मांडीला टोचली. आई खातच राहिली.

"पाय मेला व बाई!"

एकीने गळा काढला की बाकीच्यांनी काढायचा, हाही रिवाजच. पाय किती गुणाचा होता, धानाच्या किती बांध्यांतला चिखल त्याने तुडवला, सगळं निघालं. पायाची मालकीण ते ऐकत दुसरा टोस्ट उचलत होती. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

शेवटी आईलाच त्यांची दया आली. टोस्ट ठेवून, डोळे मिटून तिने "माय व, माय!" असा सूर लावला. बायांच्या जिवात जीव आला. नर्स धावत आली, तेव्हा आईने एक डोळा उघडून आम्हा दोघींना खूण केली. बाया समाधानाने गावी गेल्या.

दुपारी चारच्या सुमारास आई गप्प झाली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही." चहा निवला होता आणि चादरीची कड तिच्या मुठीत होती. मी नर्सला बोलावलं.

नर्स हसली. "माताजी फिर नाटक कर रही हैं क्या?"

"ओरडत होती तेव्हा नाटक होतं," मी जवळजवळ भांडलेच. "आता गप्प आहे, डॉक्टरांना बोलवा."

नळी सरकली होती. डॉक्टरांनी ती नीट बसवून औषध दिलं. हळूहळू आईची मूठ सुटली.

"तुले कसं समजलं?" तिने विचारलं.

मी तिच्या मुठीतून सुटलेली चादर नीट केली. तिचा खुबा झिजत होता ती सगळी वर्षं रोवणीच्या चिखलात ती अशीच गप्प असायची, आणि माझी आई किती काटक, असं मी कौतुकाने सांगत फिरायचे.