वाळुंजाचे फोक

आमच्या थोरल्या जाऊबाईंची बोटं कधी रिकामी नसत. गप्पा मारताना, भांडतानासुद्धा त्या टोपली विणत असत. ओढ्याकाठी एक वाळुंज होतं, पाण्यावर फांद्या सोडून उभं. त्याचे फोक, म्हणजे लांब लवचिक काड्या, कापायचे, भिजत घालायचे आणि भाकरीच्या टोपल्या, कोंबड्यांची डालगी विणायची.

मी नायगावच्या शाळेत शिकवणारी, पगारदार सून. तरी पाहुणे आले की सासूबाई जाऊबाईंच्या टोपल्या दाखवायला काढत. मी आणलेला स्टीलचा डबा माळ्यावर पडून. माझा जळफळाट व्हायचा, लपवत नाही.

त्यात माझ्या मुलीला ताप आला. मी गोळ्या दिल्या, रात्रभर जागले. जाऊबाईंनी वाळुंजाची साल उकळून घोटभर काढा पाजला. ताप उतरला आणि पोरगी गावभर सांगत सुटली, मोठीआईनं बरं केलं. त्या दिवसापासून ती झोपायलाही त्यांच्याजवळच. माझी एकुलती एक लेक!

माघात जाऊबाई माहेरी, धर्माबादला गेल्या. मी गडी बोलावला आणि वाळुंज बुंध्यापर्यंत छाटून टाकलं. ज्वारीवर सावली पडते, असं घरात सांगितलं. एकही फोक त्यांच्या हाती लागू नये, एवढंच मनात होतं.

त्या परतल्या, ओढ्याकाठी जाऊन झाड पाहून आल्या. पावसाळ्यात त्या खोडाला असे लांब, सरळ, बिनगाठीचे फोक फुटले की तशा टोपल्या त्यांनी जन्मात विणल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "लई बरं केलंस. धनी गेल्यापून छाटाया कुणीच नव्हतं. तुला कसं कळलं गं?"

पुस्तकात वाचलं, असं मी ठोकून दिलं. त्यांनी ते गावभर केलं. धाकलीला झाडातलं लई कळतं म्हणून. प्रत्येक कौतुकाला मी मान खाली घालत होते.

गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगी आता लातूरला नोकरीत आहे. परवा आली, फोक कापून टोपली विणायला बसली. मला राहवलं नाही. मी त्या छाटणीचं खरं कारण तिला सांगून टाकलं.

ती विणता विणता म्हणाली, "मोठीआईला ठाऊक होतं. ती म्हणायची, तुझ्या आईचा राग बी लई कामाचा हाय."