खिडकीजवळचं मशीन

नगरला आमच्या टायपिंग क्लासात खिडकीजवळ एक मशीन होतं आणि ते माझं होतं. क्लास सरांचा, मशीन सरांचं, फी माझ्या वडलांची, हे सगळं मला मान्य आहे. तरी मशीन माझं होतं. आमच्याकडं तशी रीतच होती. ज्या मशीनवर बसून परीक्षा काढली, ते मशीन क्लास सोडेपर्यंत आपलं. मी त्या मशीनवर मराठी काढली नव्हती, मराठीची मशीनं वेगळी असतात, पण इंग्रजीच्या दोन्ही परीक्षा त्याच्यावरच काढल्या होत्या. त्याच्या कळा इतक्या हलक्या की बोट नुसतं टेकलं की अक्षर उठायचं.

बाकीची मशीनं ठोकावी लागत. त्यातही कोपऱ्यातलं नवं मशीन म्हणजे शिक्षाच. सरांनी ते मोठ्या हौसेनं आणलं होतं, हार घालून पूजाबिजा केली होती, पण तासभर त्यावर बसलं की मनगटं भरून यायची. स्वतःहून तिथं कोणी बसत नसे. नव्या मुलांना सर तिथं बसवायचे आणि ती मुलं चार दिवसांत तोंड वाकडं करून मशीन बदलून मागायची.

मी घोडेगावची. वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल. उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून बैलाचा भाव सांगायचा, असा त्यांचा धंदा. मी मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांच्या परीक्षा काढल्या तेव्हा ते बाजारात सांगत फिरले, "पोरीची बोटं माझ्यावर गेल्यात. लई पळत्यात." रोज एसटीनं नगरला यायचं, खिडकीजवळ बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सर नव्या मुलांना माझ्यामागं उभं करायचे. म्हणायचे, "हिच्याकडं बघा. एकदा तरी कळांकडं बघते का?" ते ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी मग आणखी मान वर करून भिंतीकडं बघत टाईप करायची.

आणि मग ती आली. केडगावची, माझ्याहून लहान, दोन वेण्या, वडील नागापूरला एमआयडीसीत एका कंपनीत कामाला. सरांनी रीतीप्रमाणं तिला कोपऱ्यात बसवलं. चार दिवसांत कुरकुर करेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं कुरकुर केली नाही. आठवडा गेला, महिना गेला, ती आपली त्या दगडावर बोटं आपटत बसलेली. मला वाटलं, बरं आहे, हिला अक्कल कमी आहे.

टायपिंगवाल्याला दुसऱ्याचा कागद बघावा लागत नाही, आवाजावरून वेग कळतो. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते, मग डाव्या हातानं कागदाचा गाडा ढकलायचा आणि पुढची ओळ. सगळ्या क्लासात माझी घंटी आधी वाजायची. मग इतरांच्या. असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या हिवाळ्यात एकदा सरांनी सगळ्यांना एकच उतारा दिला, टेबलावर टिचकी मारली आणि आम्ही सुटलो. कोपऱ्यातून घंटी वाजली आणि माझी ओळ अजून संपायची होती. मला वाटलं, हिनं मार्जिन चुकीचं लावलं असणार. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. माझ्या पोटात असं काही दुखायला लागलं की मी सरळ एक शब्द गाळला.

त्यानंतर एकदा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "ताई, तुमचं झालं की या मशीनवर थोडा वेळ बसू का? फार हलकं आहे म्हणतात."

"माझी वेळ चालू आहे," मी म्हणाले.

माझी वेळ केव्हाच संपली होती आणि तिला ते माहीत होतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून मी पहिल्या गाडीनं यायला लागले आणि शेवटच्या गाडीनं जायला लागले. मध्ये डबा खायला उठले तरी मशीनवर कव्हर घालून, वर माझी पर्स ठेवून उठायची. दगडावर बसून ही माझ्यापुढं जाते, तर लोण्यावर बसल्यावर काय करेल, ही भीती. तिला त्या मशीनला बोट लावू द्यायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं.

अशात सर एके दिवशी पुण्याहून बातमी घेऊन आले. टायपिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, परदेशात. एकाच माणसानं वेगवेगळ्या भाषांत टाईप करायचं, जितक्या भाषा तितके गुण वाढत जाणार. पहिली फेरी देशोदेशी आपापल्या ठिकाणी होणार होती, आपल्याकडची पुण्याला, आणि तीही कॉम्प्युटरवर. आपल्या बाजूनं एकच जण पुढं जाणार, जाण्यायेण्याचा खर्च आयोजकांचा. सर म्हणाले, "देवनागरी त्यांच्याकडं नाही. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. अर्थ कळायची गरज नाही. दिसेल ते मारायचं." आणि आम्हा दोघींची नावं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकली.

मला ती जागा हवी होती. घोडेगावच्या बाजारात वडलांनी उपरणं झटकून "पोरगी परदेशात गेली" म्हणायला हवं होतं. आणि त्याहून जास्त म्हणजे, ती जागा तिला मिळायला नको होती.

आता नगरमध्ये फ्रेंच आणि जर्मन मजकूर आणायचा कुठून? मी कॉलेजच्या लायब्ररीत विचारून आले, तिथला माणूस माझ्याकडं बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी ही केडगावची बाई एक जाडजूड पुस्तक घेऊन हजर. तिच्या वडलांच्या कंपनीत परदेशातून लेथ मशीन आलं होतं, त्याच्यासोबतचं माहितीपुस्तक. इंग्रजीचा भाग कंपनीनं ठेवून घेतला, बाकीच्या भाषांचा रद्दीत काढला, तो तिच्या वडलांनी वह्यांना कव्हरं घालायला घरी नेला होता. सरांना इतका आनंद झाला की ते पुस्तक त्यांनी कपाळाला लावलं. माझा नुसता तिळपापड. मशीन माझं, क्लासात नाव माझं, आणि आता मजकूर हिच्या घरचा.

वर तिनं काय केलं, तर पुस्तक मधोमध उसवलं आणि अर्धं माझ्यापुढं ठेवलं. "तुम्ही हे मारा, मी ते मारते, मग बदलू." मी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. माणसानं चांगलं वागून दुसऱ्याला किती त्रास द्यावा, याला काही हद्द असते.

ते लेथचं पुस्तक आम्ही महिनोन्‌महिने मारलं. तेल कुठं घालायचं, पट्टा कसा ताणायचा, हात कुठं घालायचा नाही, हे सगळं आम्ही फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये न समजता पाठ केलं. अक्षरांवर टिंबं, टोप्या असायच्या. सर म्हणाले, नियमात सूट आहे, साधं अक्षर मारा. त्या पुस्तकात आकडे फार होते, मापंच मापं. आकड्यांची मला कधीच भीती नव्हती. जुन्या इंग्रजी मशीनवर एकचा आकडा नसतोच, कळा दोनपासून सुरू होतात. एक मारायचा तर छोटा एल मारायचा, कागदावर तो एकसारखाच दिसतो. क्लासात सगळे तसंच शिकलेले, सरही तसंच शिकलेले. माझं उजवं बोट तर एक दिसला की आपसूक एलवर जायचं.

जायच्या आधी सरांनी ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासात आम्हाला थोडे दिवस बसवलं. ओळ संपली की आमचे दोघींचे डावे हात गाडा ढकलायला हवेत जायचे आणि तिथली पोरं फिदीफिदी हसायची. तिथं चुका तपासायला कोणी नव्हतं, नुसता हात बसवायचा होता, बाकी मला काही अवघड गेलं नाही. कळा माझ्या मशीनसारख्याच हलक्या होत्या. मी मनात म्हटलं, आता बघते हिला. हिची बोटं दगड फोडून आलीत, इथं ती भलतीकडं पडणार.

पुण्याला मोठा हॉल, गार हवा, मुंबई-बंगळूरची पोरंपोरी. ती माझ्या शेजारच्याच रांगेत. उतारे रेल्वेबद्दलचे होते. कुठल्या साली कुठं रूळ टाकले, किती लांब, किती खर्च. भाषा बदलली तरी आकडे तसेच येत होते. मी अशी सुटले की काय सांगू. माझ्या आयुष्यात मी तशी बोटं पुन्हा चालवली नाहीत. तिन्ही उतारे झाले तेव्हा मी मान वर केली, तर ती अजून मारत होती. मी खुर्चीला टेकून बसले. इतकं सुख मला नंतर लग्नातसुद्धा झालं नाही.

निकाल लागला तेव्हा वेगात माझं नाव पहिलं होतं आणि चुकांमध्येही माझंच पहिलं होतं. चुका वजा केल्यावर मी कुठल्या कुठं फेकली गेले. जागा तिला मिळाली. सरांचा विश्वास बसेना, त्यांनी माझा कागद मागून घेतला. चुकांभोवती गोल केले होते. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गोल सगळे आकड्यांवर होते आणि त्यातही फक्त एकवर. कागदावर एल आणि एक सारखे दिसतात, आमच्या परीक्षकांना ते चालत आलं. कॉम्प्युटरला एल म्हणजे एल. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, जिथं म्हणून एक, तिथं माझी चूक. त्यांच्या सगळ्या सालांची सुरुवातच एकनं.

"आणि तुझं कसं बरोबर आलं?" सरांनी तिला विचारलं.

ती गोंधळली. "सर, कोपऱ्यातल्या मशीनला एकची कळ आहे की. डावीकडं, सगळ्यात टोकाला. मी पहिल्यापासून तीच मारते."

नवं मशीन होतं ना ते. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कोणी त्याच्याकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं. परतीच्या गाडीत सर आमच्या दोघींच्या मध्ये बसले आणि शिरूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. घरी वडलांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, हरले. ते म्हणाले, "बोटं तर पळत्यात की तुझी." मी म्हटलं, "पळाली. भलतीकडं पळाली."

ती गेली आणि आली. तिथं तिचा नंबर वगैरे लागला नाही, मधेच कुठंतरी आली. मी बातमी ऐकली आणि मला बरं वाटलं. लगेच वाटलं, मधे का होईना, गेली तर. मग पुन्हा पोटात दुखायला लागलं.

ती क्लासात आली तेव्हा मी खिडकीजवळच होते. पुण्यानंतरही मी जागा सोडली नव्हती. तिनं सगळ्यांना परदेशी गोळ्या वाटल्या, माझ्याजवळ येऊन जरा जास्तच दिल्या आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमचे उपकार आहेत. त्या दिवशी तुम्ही मला हे मशीन दिलं असतं ना, तर माझंही बोट एलवरच बसलं असतं." ती टोमणा मारत नव्हती. मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. टोमणा असता तर मी तिला आयुष्यभराचं सुनावलं असतं. ती मनापासून बोलत होती, आणि मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग ती मशीनकडं बघून हसली. "आता तरी बसू का एकदा? नुसतं एक पान."

मी कागद बसवला, मार्जिन लावलं. "माझी वेळ चालू आहे," म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मी टाईप करायला सुरुवात केली, जीव खाऊन. कोपऱ्यातून घंटी वाजली. माझी ओळ अजून संपायची होती.