ठिणगी आणि बार

स्टुडिओत सगळे त्याला दारूकाका म्हणत. माणूस आयुष्यात थेंबाला शिवला नाही, पण सिनेमातल्या बंदुका, त्यांची दारू, त्यांचा धूर सगळं त्याच्याकडे, म्हणून दारूकाका. लोकांना काय, नावं ठेवायला पैसे थोडेच पडतात!

जुनी तोड्याची बंदूक म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. उचलतानाच खांदा निम्मा जायचा, बार उडाला की उरलेला जायचा. दारूकाकाची बंदूक रबराची, नाहीतर हलक्या लाकडाची, वर रंगाचा हात मारलेली. हिरो ती काठीसारखी गरगर फिरवी. खरी बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरेपर्यंत शत्रू अंगावर येई. हिरो न भरताच दहाजणांना लोळवी. दारूकाकानं हे सगळं मुकाट गिळलं. पोटाला तोच हिरो घालत होता ना!

एका गोष्टीत मात्र त्याचा जीव अडकला होता. खऱ्या बंदुकीचा चाप ओढला की जळता तोडा, म्हणजे पेटती वात, आधी नळीबाहेरच्या चिमूटभर दारूवर पडतो. फुस्स होतं. मग क्षणभर काहीच नाही. आग आत पोचली की वाटेतच विझली, हे बंदूक धरणाऱ्यालाही कळत नाही. आणि मग धाड! सिनेमात चाप ओढला की लगेच धाड. मधला तो क्षण कुणी दाखवलाच नव्हता.

आता जाळ आणि धूर कॉम्प्युटरवर निघायला लागले. मालकानं सांगून टाकलं, "काका, हा शेवटचा सिनेमा." दारूकाकानं दिग्दर्शकाला गाठलं. "एक बार तरी खऱ्यासारखा उडू दे. बाकी काही मागत नाही."

"चालेल काका," दिग्दर्शक म्हणाला. भला माणूस.

हिरोच्या हातातली बंदूक मुकी, म्हणून कॅमेऱ्यामागून दारूकाकाच खुणा करत होता. फुस्सला बोट, धाडला मूठ. मधे हिरोनं असा काही श्वास धरला, की चहावाल्यासकट सगळा सेट गप्प झाला. दारूकाकाला रडूच फुटलं.

बायको त्याचा एकही सिनेमा बघायला गेली नव्हती. "लोक लढाया मारतात आणि तुम्ही खेळणी रंगवता. त्यात बघायचं काय?" तिला एकदा तरी पटावं, आपल्या नवऱ्यानं जन्म फुकट घालवला नाही, एवढीच आता त्याची इच्छा उरली होती.

"अगं, या वेळी चलच," तो म्हणाला. "ठिणगीनंतर जरा थांबतं. ते माझं."

ती ठेवणीतले कपडे घालून आली. पडद्यावर हिरोनं नेम धरला, चाप ओढला आणि लगेच धाड! मधलं कापून टाकलं होतं. कुणाचा दावा नव्हता हो त्याच्याशी. रेंगाळतंय वाटलं असेल कुणाला तरी. पुढचा सिनेमा दारूकाकाला दिसलाच नाही.

दिवे लागले. बायको त्याच्याकडे वळली, चेहरा खुललेला.

"दिसलं हो मला! ठिणगी पडली आणि मग जीव नुसता टांगणीला लागला. एवढी वर्षं उगाच बोलले मी तुम्हाला."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं त्याच्या कामाला चांगलं म्हटलं होतं, आणि तेही पडद्यावर नसलेल्या कामाला. तिनं मन राखलं, की तिला खरंच तसं वाटलं, हे विचारायची दारूकाकाची छाती झाली नाही.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला.