थोरली, धाकटी आणि माझा उजवा खांदा

एखादी गोष्ट ठरायलाच नको असेल, तर ती आमच्या समोरच्या दारातल्या अण्णांवर सोपवावी. अख्ख्या राजाजीनगरात, आणि मला वाटतं अख्ख्या बेंगळुरात, इतक्या मनापासून, इतका अभ्यास करून आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने काहीही न ठरवणारा दुसरा माणूस सापडणार नाही. परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी घाबरेघुबरे होऊन विचारलंत, "आजी, संक्रांतीच्या फोटोत तुझी जागा रिकामी का?" मी तेव्हा "नंतर सांगते" म्हणाले. कारण ते सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करावी लागते, आणि अण्णांपासून सुरू केलेली गोष्ट लवकर संपत नाही.

अण्णांचं घराणं मूळचं निपाणीकडचं. वडील कधीकाळी नोकरीसाठी इथे आले, त्यामुळे यांच्या मराठीला निपाणीचा हेल आणि वर कन्नडची फोडणी. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांच्याबरोबर कधी जाऊ नये. मसाला डोसा की सेट डोसा, या प्रश्नावर ते शेजारच्या टेबलांवर जाऊन लोकांची मतं घेतात. एकदा मत घेऊन परत येईपर्यंत पीठच संपलं, आणि हे खूश. "बरं झालं बघा अक्का, आता प्रश्नच मिटला की!" म्हणत त्यांनी नुसती कॉफी घेतली. मुलगी बघायला म्हणून ते वैनींच्या घरी तीनदा गेले होते. तिसऱ्या खेपेला पोह्यांची बशी पुढे ठेवताना वैनीच म्हणाल्या, "तुम्ही काही ठरवू नका. मी ठरवलंय." हे वैनी स्वतः सांगतात, आणि अण्णा शेजारी बसून कौतुकाने ऐकतात, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे.

त्यांचा आवडता शब्द 'स्वल्प'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ थोडंसं. अण्णांच्या 'स्वल्प थांबा'चा अर्थ मात्र वेगळा आहे. त्यांच्या एका स्वल्पात माझ्या तव्यावरच्या दोन पोळ्या करपल्या आहेत, आणि एकदा तुमच्या आजोबांची बस चुकली आहे.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट न डगमगता करता येते, ती म्हणजे फोटो काढणं. आमच्या इमारतीचा संक्रांतीचा रिवाज तुम्हाला आईने सांगितला असेलच. हळदीकुंकू झालं, तिळगूळ आणि इकडचं तीळ-गूळ-खोबऱ्याचं एळ्ळू-बेल्ला दोन्ही वाटून झालं, की इमारतीच्या दर्शनी पायऱ्यांवर सगळ्या बायका ओळीने उभ्या राहतात आणि अण्णा फोटो काढतात. दरवर्षी त्याच पायऱ्या, आणि जिची जी पायरी ती तिची. मी तिसऱ्या पायरीवर उजवीकडे. आणि अण्णांचा एक नियम असा, की गेलेल्या माणसाची जागा भरायची नाही. तळमजल्यावरच्या आजी गेल्या, त्यांची जागा मोकळी. तुमची आई लग्न होऊन परदेशी गेली, तिची माझ्या शेजारची जागाही मोकळी. मी एकदा म्हटलं, "अहो अण्णा, ती काही वर गेलेली नाही, विमानाने गेली आहे. जरा सरकून उभ्या राहतो, फोटो भरलेला दिसेल." तर म्हणाले, "असं कसं अक्का? यायची झाली तर उभी कुठं राहील ती?" तुम्हाला घाबरायला का झालं ते मला कळतं. या फोटोत रिकामी जागा दिसली, की बघणारा आधी मनात नावं आठवायला लागतो.

आता कॅमेऱ्याकडे येते. अण्णांचा जुना डीएसएलआर म्हणजे पितळी तांब्याएवढी लेन्स लावलेलं काळं धूड. मोठी बॅग, तिचा पट्टा गळ्यात, आणि अण्णा डावीकडे कललेले. पंधरा वर्षं कललेले राहून त्यांची मान एके दिवशी वळेनाशी झाली. डॉक्टरांनी पट्टा बांधायला दिला. हे दुसऱ्या दिवशी मानेला तो पट्टा, त्यावर कॅमेऱ्याचा पट्टा, असे गच्चीवर पोपटांचे फोटो काढताना सापडले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, मान हवी की कॅमेरा ते ठरवा. झालं! ज्या माणसाला डोसा ठरवता येत नाही, त्याला हे सांगितलं.

मग चामराजपेटेतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून एक छोटा कॅमेरा घरी आला. शर्टाच्या खिशात मावणारा, साबणाच्या वडीएवढा. विकत नव्हे, 'बघायला' आणलेला. वैनींनी त्याच दिवशी दोघांची नावं ठेवली, थोरली आणि धाकटी. "दोन सवती नांदवायला निघालेत," त्या मला म्हणाल्या. "एकीला उचलवत नाही आणि दुसरीवर मन बसत नाही."

पुढचं वर्षभर इमारतीत दुसरा विषय नव्हता. अण्णा सकाळी माझ्या जास्वंदीचा फोटो थोरलीने काढायचे, मग तोच धाकटीने, आणि मग मला दोन्ही दाखवून विचारायचे, "कुठला बरा?" मी म्हणायची, दोन्ही जास्वंदीच आहेत. मग दुधाच्या पिशवीचे दोन, जिन्यातल्या बोक्याचे दोन, तुमच्या आजोबांच्या टकलाचे, पाठमोरे, परवानगी न घेता, दोन. धाकटी तीनदा दुकानात परत गेली आणि तीनदा परत आली. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. दुकानदाराने हात जोडले आणि म्हणाला, "सार, तगोळ्ळी, इल्ला बिडी." म्हणजे, घ्या, नाहीतर सोडा. अण्णा अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि पुन्हा 'बघायला' घेऊन आले.

मारतहळ्ळीला त्यांचा मुलगा आणि सून राहतात. सून पुण्याची, आयटीतली, गुणी मुलगी. ती म्हणाली, "बाबा, ॲक्च्युअली दोन्ही सोडून द्या. फोनचा कॅमेरा बेस्ट आहे, आणि इन्स्टंट शेअर होतं." अण्णा तिला "बघू की" म्हणाले. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "फोन बोलायची वस्तू अक्का. त्यानं फोटो काढणं म्हणजे चहाच्या गाळणीनं पीठ चाळणं."

मला अव्यवस्था सोसत नाही हे तुम्ही जाणताच. शेवटी मी एक कागद घेतला, मध्ये रेघ मारली आणि दोन रकाने पाडले. थोरली: फोटो उत्तम, बॅटरी पुष्कळ चालते, समोरची माणसं गंभीरपणे उभी राहतात. धाकटी: हलकी, खिशात मावते, मान शाबूत. दहा मिनिटांत उत्तर समोर होतं. अण्णांनी तक्ता चष्मा वर-खाली करून वाचला, "फार छान केलंय अक्का" म्हणाले, माझ्या हातातलं पेन घेतलं, कडेला तिसरा रकाना पाडला आणि त्यावर लिहिलं, 'पण'. त्या रकान्यात मात्र ते काहीच लिहीनात. मी कागद चुरगळून टाकला.

मग अवरेकाईचा, म्हणजे इकडच्या पावट्याच्या शेंगांचा हंगाम आला. हातगाडीवर हिरवा ढीग, आणि अण्णा त्यातल्या चांगल्या शेंगा कुठल्या हे ठरवायला वाकलेले. धाकटी खिशातून घरंगळली ती थेट ढिगात. गाडीवालीने शेंगांबरोबर तिलाही तोलून पिशवीत घातलं. संध्याकाळी वैनी शेंगा सोलायला बसल्या, तर पावट्यात कॅमेरा! वैनी माझ्याकडे पदराने डोळे पुसत आल्या. मला वाटलं रडताहेत, तर हसत होत्या. "अक्का, धाकटीला आज आमटीतच घालणार होते मी!"

त्याच आठवड्यात मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. वैनी देवळात गेल्या होत्या. अण्णा संगणकासमोर बसले होते, आणि पडद्यावर माझी जास्वंद होती, धाकटीने काढलेली. एका फुलाची तीन फुलं झालेली. खाली दुसरा फोटो, तोही तसाच. तिसरा, चौथा, सगळे हललेले. मला दाखवायला ते आजवर त्यातला एखादा बरा निवडून आणत होते.

"कॅमेरा बिघडलाय का हो?" मी विचारलं.

"तीन वेळा बदलून आणला की," अण्णा म्हणाले. "दर वेळी वाटलं, आता तरी बरा निघेल." आणि त्यांनी धाकटी उचलून दोन्ही हातांनी समोर धरली. ती साबणाची वडी त्यांच्या हातात अशी थरथरत होती, की मला पटकन खिडकीबाहेर बघावं लागलं.

"थोरली जड आहे ना, ती डोळ्याला लावली की कपाळाला टेकते. दंडही पोटाशी येतात. मग हात ऐकतात स्वल्प," ते म्हणाले. "धाकटी अशी लांब धरावी लागते. मान म्हणते धाकटी, हात म्हणतात थोरली. आणि आता थोरलीसुद्धा कधीकधी हलते. यंदा पायऱ्यांचा फोटो सुनेलाच काढू दे फोनवर. तुमच्या वैनीला बोलू नका मात्र."

वैनींना मी बोलले नाही. पण दोन दिवसांनी त्याच मला म्हणाल्या, "वर्ष झालं अक्का, त्यांना कॉफी अर्धा टंबलरच देते. सांडू नये म्हणून. त्यांना वाटतं साखरेसाठी कमी केली."

तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं होतं ते मला तेव्हा कळलं. तरी माझा संताप काही गेला नाही, उलट वाढला. सगळं आयुष्य हा मनुष्य डोसा ठरवू शकला नाही, आणि आता पहिल्यांदा एक गोष्ट झटक्यात ठरवली, ती ही! कॅमेरा ठेवायची तिपाई घ्या म्हटलं, तर म्हणाले, "तीन पायांसमोर माणसं पासपोर्टच्या फोटोला उभी राहिल्यासारखी राहतात. शिवाय तिपाई कोण उचलणार?"

संक्रांत आली. हळदीकुंकू झालं, आम्ही पायऱ्यांवर उभ्या राहिलो. अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर, मानेला पट्टा, हात मांडीखाली दाबलेले. सुनेने फोन वर धरला, "स्माईल!" म्हणाली आणि झालंसुद्धा. दोघी चुकीच्या पायरीवर होत्या, तळमजल्यावरच्या आजींच्या मोकळ्या जागेत कुणीतरी आरामात उभं होतं, एकीचे डोळे मिटलेले. बायका गप्पा मारत खाली उतरायला लागल्या. अण्णांनी तोंडातून शब्द काढला नाही. 'स्वल्प थांबा'सुद्धा नाही. पंधरा वर्षं मी ज्या शब्दावर चिडले तो कुणी म्हणेना, आणि मला ते सहन होईना.

"कुणी उतरू नका!" मी ओरडले. माझा आवाज कसा लागतो ते तुमच्या आईला विचारा. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मी दारामागून माझी भाजीची चाकांची पिशवी ओढत आणली. वर मेथीची जुडी होती. तिच्याखाली, सकाळीच वैनींकडून घेऊन टॉवेलात गुंडाळून ठेवलेली थोरली.

"अक्का, हात राहत नाहीत हो," अण्णा हळूच म्हणाले.

"हात राहू देत बाजूला. टेकायला काय लागतं तेवढं सांगा."

मी त्यांच्यापुढे पायऱ्यांकडे तोंड करून उभी राहिले. माझी उंची घरात सगळ्यांनी 'ताड' म्हणून चेष्टा करण्याएवढी आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती नेमकी कामाला आली. अण्णांनी खुर्चीवरून उठून थोरली माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली. लेन्स गालापाशी, गार. कानाशी त्यांचा श्वास, आणि खांद्यावर ती बारीक थरथर, जाणवून मग हळूहळू विरत गेलेली.

"अग, तुझी दुसरी पायरी की! कोण ते, आजींची जागा सोडा," मागून हुकूम सुटायला लागले. "सूनबाई, फोन ठेव, तूही चढ. शेवटून दुसरी तुझी. अक्का, श्वास धरा."

"किती वेळ?"

"स्वल्प."

मी जीव जाईपर्यंत श्वास धरला. समोर वैनी हसता हसता रडत होत्या आणि अण्णा त्यांना ओरडत होते, "तोंड नीट कर की ग!" मग कानात खटकन आवाज झाला. फोटो एकच निघाला, पण स्वच्छ निघाला. धाकटी त्याच दिवशी वैनींनी स्वतःकडे ठेवून घेतली, तीही ठरवून. त्या तिने फक्त अण्णांचे फोटो काढतात. सगळे तिरके येतात. आणि अण्णा? मी रोज सकाळी पिशवी ओढत त्यांच्याबरोबर बागेत जाते, आणि हे झाडासमोर उभे राहून विचारतात, "उजवा खांदा घेऊया, की डावा?"

तर मुलांनो, मी आहे. फोटो पुन्हा उघडा. डाव्या कडेला जो पांढरा ढग दिसतो, तो माझे केस. मी तक्रार केली तेव्हा अण्णा म्हणाले, "फार जवळ उभ्या राहिलात अक्का, म्हणून धूसर आलात. लांबची माणसं बघा किती स्वच्छ येतात." तुम्हाला रोज रात्री पडद्यावर बघते, तेव्हा मला ते आठवतं.

माझी पायरी आता रिकामीच राहील, तिची काळजी करू नका. शेजारची तुमच्या आईची जागा मात्र तिची आहे. तिच्यासकट तुम्ही दोघं तिथे मावाल का, हे मी अण्णांना विचारून ठेवलं आहे. पायरीकडे खूप वेळ बघून म्हणाले, "स्वल्प सरकलं की मावतील." फक्त कधी यायचं ते तुम्हीच ठरवा. अण्णांवर सोपवू नका.