साहेबांचा उजवा पाय

माझ्या नवऱ्याला मी साहेब म्हणते. प्रेमानं नव्हे. या परक्या शहरात साहेब गेली सहा वर्षं चौदा नंबरची बस चालवतात, आणि गावी त्यांच्या वडिलांना वाटतं की पोरगा वाहतूक खात्यात अधिकारी आहे. आम्ही इथं आलो तेव्हा खरंच टेबल-खुर्ची होती, पण आठ महिन्यांत कंपनीला टाळं लागलं. साहेबांनी बसचं लायसन्स काढलं आणि फोनवर "आता वाहतुकीत आहे" एवढंच सांगितलं. पुढचं बाबांनी स्वतःच जोडून घेतलं आणि साहेबांनी ते खोडलं नाही. मी इथं शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं धुते, हे मी सासरी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं. सुनेच्या नोकरीचा टेंभा कुणी मिरवत नाही, त्यामुळे कुणाला धक्काही बसला नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं सरकारी बसवर ड्रायव्हर. साहेब नऊ वर्षांचे असताना डेपोत उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर जाऊन बसले, तेव्हा बाबांनी त्यांना कानाखाली वाजवून खाली उतरवलं होतं. "या घरातलं स्टिअरिंग माझ्यापाशी संपलं," म्हणाले होते. जादा फेऱ्या करकरून पोराला शिकवलं ते याचसाठी. आता तेच बाबा पोराचं शहर बघायला येणार म्हटल्यावर साहेब तयारीला लागले.

ती बघण्यासारखी होती. गणवेशाचे निळे शर्ट गादीखाली गेले, बिल्ला डाळीच्या डब्यात गेला. रजा टाकली. शिवाय शेजाऱ्याकडून लॅपटॉपची बॅग उसनी आणली. रजेवरचा अधिकारी रिकामी बॅग खांद्याला लावून का फिरतो, असं मी विचारलं. म्हणाले, "दिसायला बरं दिसतं."

बाबा आले ते लालभडक डोळे घेऊन. विमानात चौदा तास जागे होते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की त्यांना झोप लागत नाही. उभ्या आयुष्यात कधी लागलेली नाही, आणि इथं तर चालवणारा दिसतसुद्धा नव्हता म्हणे.

मग साहेबांनी त्यांना टॅक्सीनं शहर दाखवायला सुरुवात केली. बाबा टॅक्सीत पुढं बसायचे आणि सगळा वेळ उजव्या पायानं पायाखालचं रबर ब्रेकसारखं दाबायचे. सिग्नल आला की दाब, कुणी आडवं आलं की दाब. टॅक्सीवाले त्यांच्या पायाकडे बघत राहायचे. उतरल्यावर बाबांचा निकाल ठरलेला असे. "याला गाडी कुणी दिली?"

टॉवर बघितला, पूल बघितला, घोड्यावर बसलेला कुणीतरी सेनापती बघितला. बाबांनी प्रत्येकाकडे एकेकदा बघून घेतलं, औषध घेतल्यासारखं. त्यांचं सगळं लक्ष बसवर. थांब्यावर इथली बस एका अंगानं खाली झुकते, म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून. ते त्यांनी फुटपाथवर उभं राहून सात वेळा बघितलं.

"बसमध्ये बसू या की रे," ते म्हणाले.

"बसनं इथं कोण जातं, बाबा?" साहेब म्हणाले. रोज पहाटेपासून साहेब ज्यांना पोचवतात ती माणसं नव्हेतच जणू! घरी आल्यावर मी भांडी जरा जोरातच आपटली.

बुधवारी साहेबांनी कळस केला. एका काचेच्या इमारतीसमोर टॅक्सी थांबवून म्हणाले, "ते माझं ऑफिस. सातवा मजला."

"वर जाऊ या," बाबा म्हणाले.

"सुट्टीच्या दिवशी आत सोडत नाहीत."

भर बुधवारी सुट्टी! दारातून माणसं मुंग्यांसारखी आत-बाहेर करत होती. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पोराला दारासमोर उभं करून बॅगेसकट फोटो काढला.

आणि एक अडचण साहेबांच्या ध्यानातच आली नव्हती. इथले बस ड्रायव्हर एकमेकांना ओलांडताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतात. साहेब टॅक्सीत असोत नाहीतर फुटपाथवर, समोरून येणारी प्रत्येक बस त्यांना बोटं दाखवून जायची. सवयीनं यांचीही उठायची.

"हे सगळे तुला ओळखतात?"

"पद्धत आहे, बाबा. इथं सगळेच सगळ्यांना हात करतात."

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोस्टमनला दोन बोटं दाखवली, झाडूवाल्याला दाखवली, कुत्रं फिरवणाऱ्या बाईंना दाखवली. कुणी बघितलंही नाही. मला मात्र साहेबांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला.

जायला तीन दिवस उरले होते. आम्ही रस्त्यावर टॅक्सीची वाट बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या थांब्यावर बस झुकली आणि बाबा सरळ चढून बसले. चौदा नंबर! आम्ही मागे पळालो. चालवत होती साहेबांच्याच डेपोतली एक धिप्पाड बाई; आम्ही घरात तिला आत्याबाई म्हणतो. साहेबांना बघून तिनं बोलायला तोंड उघडलं. साहेबांनी मान हलवली, डोळे मोठे केले, हात जोडायचेच बाकी ठेवले. तिनं तोंड मिटलं, पण डेपोतल्या माणसांना सोडायच्या सवयीनं तिकिटाच्या यंत्रावर तळहात ठेवून आम्हाला तसंच आत सोडलं.

"तिनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत," बाबा म्हणाले.

"इथं म्हाताऱ्यांना फुकट असतं."

"तुला पण?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. दोघं शेजारी बसले होते, मी समोर. तिसऱ्या चौकात एक सायकलवाला आडवा आला. आत्याबाईंनी ब्रेक मारला. आणि त्याच क्षणी माझ्यासमोर दोन उजवे पाय जमिनीवर दाबले गेले. एक बाबांच्या चपलेतला, एक साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटातला. दोन्ही टाचेवर टेकलेले, दोन्ही तसेच दाबून धरलेले.

सायकलवाला गेला. बाबा पोराच्या बुटाकडे बघत राहिले.

"किती वर्षं?"

"सहा."

"उशिरा दाबलास," बाबा म्हणाले.

साहेबांचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरासारखा झाला. कानाखाली आता बसेल की नंतर, असा. दोन थांबे गेले. मग बाबा म्हणाले, "तो फोटो मी सगळ्यांना पाठवलाय. सगळ्यांना."

मला दोघांचाही संताप आला. एकानं खोटं बोलायचं, दुसऱ्यानं ते गावभर वाटायचं, आणि गादीखालून चुरगळलेले शर्ट काढून इस्त्री मी करायची. कारण घरी पोचताच बाबांनी फर्मान काढलं होतं, "उद्या गाडी काढ. बघू दे मला."

साहेबांनी आत्याबाईंची सकाळची पाळी मागून घेतली. निळा शर्ट घातला, डाळीच्या डब्यातला बिल्ला लावला. बटणं वरखाली लावली होती, ती मी काढून नीट लावून दिली. बाबा बरोबर ड्रायव्हरच्या मागच्या, तिरप्या सीटवर बसले, परीक्षकासारखे. मी त्यांच्या शेजारी. साहेब आरशात रस्ता कमी आणि बाप जास्त बघत होते.

पहिला चौक आला. मी बाबांच्या पायाकडे बघितलं. पाय उचलला, पण दाबला नाही. दुसऱ्या चौकात एक गाडी मध्येच घुसली. साहेबांनी ती अशी सोडून दिली की उभ्या माणसांनाही धक्का लागला नाही. पाय हललाच नाही. पुलापाशी बाबांनी चप्पल काढली आणि मांडी घातली. बाजाराच्या पुढं त्यांची मान कलली, आणि रुग्णालयाच्या थांब्यापर्यंत तोंड उघडं टाकून ते घोरायला लागले.

साहेबांनी आरशात बघितलं. मीही बघितलं. पुढचे अकरा थांबे साहेबांनी गाडी अशी नेली जणू आत काचेचं सामान भरलंय.

शेवटच्या थांब्यावर बाबांना हलवून उठवावं लागलं.

"झोपलो नव्हतो," ते म्हणाले. चप्पल शोधली, खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि साहेबांच्या खिडकीखाली येऊन थांबले. "आरसा मळलाय. पूस तो."

आरसा स्वच्छ होता. साहेब खाली उतरले, रुमाल काढला आणि आरसा पुसत राहिले.