पिवळ्या कार्डाची चौकशी

तहसीलच्या पुरवठा विभागात, रेशनकार्डाच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. गोडाऊनमधला गहू संपायचा, पण किस्से काही संपायचे नाहीत! जुना सोबती चहाला भेटला की एकातून दुसरा निघतोच.

*

आमचे अव्वल कारकून अण्णा. कुणीही अर्जाचं विचारलं की मान वर न करता म्हणणार, "फाईल चालू आहे."

एकदा एक म्हातारबा भडकले. "चालू हाय? म्या पायी औंढ्याला जाऊन नागनाथाचं दर्शन घिऊन आलो. तुमची फाईल या टेबलावून त्या टेबलावर काहून पोचून न्हाई राहिली?"

अण्णा म्हणाले, "प्रसाद आणला का?"

*

एकाने सुनेचं नाव चढवायला अर्ज दिला. मंजूर झाल्यावर मी अभिनंदन केलं, तर तो म्हणाला, "साहेब, तिची दोन लेकरं बी चढवा. अर्ज एकच व्हता, पर तवर मानसं तीन झाली!"

*

आपला जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. एक अर्ज जुन्या जिल्ह्याला मंजुरीसाठी गेलेला. लई दिवसांनी परत आला. वर शेरा, 'हे गाव आता आमच्याकडे नाही.' अण्णा खूश! म्हणाले, "चला, उत्तर तर आलं."

*

आणि धोंडाबाई! लोकांची मेंढरं राखणारी बाई. चार लेकरं, घरात दाणा नाही. पिवळं कार्ड मिळालं तर स्वस्त धान्य मिळणार. पण चौकशीला तलाठी गेला की घराला कुलूप, कारण अख्खं घर मेंढरांमागे रानात! तीनदा शेरा पडला, 'अर्जदार घरी आढळत नाही.' ती हेलपाटे घालायची आणि मला तिच्याकडे बघायची लाज वाटायची.

एके दिवशी दुपारी बाहेर कल्ला झाला. बघतो तर आवारात शंभरेक मेंढरं! मागे घोडी. घोडीवर गाठोडी, भांडी, कोंबड्या आणि धाकटं लेकरू.

धोंडाबाई खिडकीशी आली. "अण्णा, तुमचा मानूस येते तवा आमी घरी नसतो. म्हून घरच घिऊन आले. करा चौकशी!"

अण्णा म्हणाले, "फाईल चालू..." तेवढ्यात तहसीलदार मीटिंगला निघाले, तर जीपभोवती मेंढरं! साहेब ओरडले, "आत्ताच्या आत्ता कार्ड द्या!"

अण्णांना पळताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. कामासाठी तहसिलीत आलेल्या तलाठ्याने व्हरांड्यातच लेकरं मोजली, बाईने अंगठा दिला, शिक्का पडला. अर्ध्या तासात कार्ड! तिने ते पदरात बांधलं. म्हणाली, "इतकंच व्हतं व्हय?" मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला ऑफिसात पोचलो तर फाटकापासून रस्त्यापर्यंत अर्जदारांची रांग. कुणाजवळ शेळ्या, कुणाजवळ बैलजोडी. सगळ्यात पुढं एकजण म्हैस धरून उभा.

मला बघून म्हणाला, "साहेब, अर्ज मागून देतो. आधी हिला कुठं बांधू?"