जिंकलेली टेकडी

वरवट बकालच्या माणिकरावांना जगाची भारी उठाठेव. रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवरची पुस्तकी बातमी ते गावाला वऱ्हाडीत फोडून सांगायचे. वर म्हणायचे, "लढून काई होत नाही बे, बोलूनच मिटते."

पासष्टच्या लढाईत त्यांचा एकुलता एक मुलगा उकंडा काश्मीरकडची एक टेकडी घेताना गेला. आधीची तीन लेकरं दगावलेली, म्हणून याला जन्मताच उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं होतं. मरणाला किळस यावी म्हणून. मरणाला कसली आलीय किळस!

"टेकडी तरी आपली झाली," एवढ्यावर माणिकराव तग धरून होते.

जानेवारीत दोन्ही देशांचा करार झाला. जिंकलेला मुलूख परत द्यायचा, असं रेडिओनं सांगितलं. सगळे माणिकरावांच्या तोंडाकडे पाहत बसले.

"मिटलं बे. बोलून मिटलं," एवढंच ते म्हणाले आणि उठले.

घरी मात्र बायकोला, रुखमाबाईला, सगळं सांगावं लागलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"टेकडी वापस देऊन टाकली म्हंता?"

"हाव."

"मंग माह्या उकंड्याले काऊन ठेवून घेतलं त्यायनं?"